भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि घराचं वेळापत्रक

घरातली यंत्रं : लेखांक ८

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या घराच्या तळघरात, फर्नेसपाशी होतो. गॅस पेटतो, पंखा गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो, गार झालेली हवा परत खाली येते, इथवर झालं. हे सगळं कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारी डबी मात्र वर, बैठकीच्या खोलीत भिंतीवर असते. न्यू जर्सी, मिशिगन किंवा शिकागोकडच्या मराठी घरांत हिवाळ्यातली निम्मी कुरबुर तिच्यावरूनच होते. मुलगा-सून ६८ अंश फॅरनहाइटवर ठेवून कामाला जातात. सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा स्वेटरवर शाल पांघरून बसतात आणि गाडी वळली की हळूच ७८ करतात. संध्याकाळी मुलगा म्हणतो, "बाबा, हीट कोणी वाढवली?"

थर्मोस्टॅट स्वतः उष्णता तयार करत नाही आणि कमीजास्त प्रमाणात सोडतही नाही. तो एक स्विच आहे. खोली ठरवलेल्या आकड्याच्या थोडी खाली गेली की तो दोन तारा जोडतो, वर गेली की तोडतो. याहून जास्त काही नाही.

हा स्विच आला एका शाळेच्या त्रासातून. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षकांना शिकवणारी एक संस्था होती. तिथे शिपाई वर्गावर्गांतून फिरून तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप उघडायचा किंवा मिटायचा. वर्गातल्या या रोजच्या व्यत्ययाला कंटाळलेल्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने तळघरात घंटा वाजवून शिपायाला वर्दी देणारं विजेचं उपकरण केलं आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १८८५ मध्ये मिलवॉकीला त्यांनी कंपनी काढली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ती हीच. त्याच सुमारास मिनियापोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झने भट्टीची झडप आपोआप हलवणारं यंत्र केलं, म्हणजे शिपायाचीही गरज संपली. त्या धंद्याची परंपरा पुढे हनीवेलपर्यंत जाते. जुन्या घरांत अजून दिसणारी ती सोनेरी गोल डबी हनीवेलचीच, १९५३ ची, हेन्री ड्रायफस या नामांकित डिझायनरने घडवलेली. आत दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकावर एक जोडून केलेली गुंडाळी असते. एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, गुंडाळी उलगडते किंवा आवळते, तिच्यावरची पाऱ्याची काचनळी कलते, आणि पारा एका टोकाला वाहत जाऊन तारा जोडतो. माझ्या मते घरगुती यंत्रांत इतकं नेटकं काम दुसरं नाही. पण त्या डबीला घड्याळ कळत नाही, म्हणून लोक ती बदलतात.

बदलायची असेल तर सर्वांत आधी जुन्याचं झाकण काढून आतल्या तारा बघा. हाताच्या बोटाने सहज वाकतील अशा बारीक, रंगीत चार-पाच तारा असतील तर तुमचं काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. त्यांत फक्त २४ व्होल्ट असतात. जाडजूड दोन किंवा चार तारा दिसल्या, भिंतीलगत लांबट विजेचे हीटर असले, तर त्या तारांत घरची पूर्ण वीज, बहुधा २४० व्होल्ट, खेळते आहे. झाकण परत लावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथे नेहमीचा थर्मोस्टॅट चालत नाही आणि तो लावण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

२४ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून ब्रेकर पाडायचा आळस करू नका. भिंतीजवळ काम करताना एक उघडी तार दुसरीला टेकली की तळघरातल्या फर्नेसच्या बोर्डवरचा छोटा फ्यूज उडतो, तोच मोटारीत असतो तसला प्लॅस्टिकचा. मग नवा थर्मोस्टॅट बसवूनही घर गारच राहतं आणि दोष नव्या वस्तूला लागतो. जुन्या फर्नेसमध्ये फ्यूजच नसेल तर थेट ट्रान्सफॉर्मर जळतो.

तारा सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक तार ज्या स्क्रूखाली आहे, त्याच्या शेजारी एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. विश्वास त्या अक्षरावर ठेवायचा, तारेच्या रंगावर नाही. 'आर' म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारा पुरवठा. थर्मोस्टॅट 'आर' ला 'डब्ल्यू' जोडतो तेव्हा हीटिंग सुरू होतं, 'वाय' जोडतो तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर, 'जी' जोडतो तेव्हा पंखा. सर्वसाधारण रिवाज लाल, पांढरा, पिवळा, हिरवा असा आहे, पण पूर्वी कोणी घाईत हाताला लागेल ती तार वापरली असेल तर निळ्या तारेतून हीटिंग चालत असल्याचंही आढळतं. म्हणून जुन्याचं अक्षर बघून त्याच अक्षराची चिकटपट्टी प्रत्येक तारेला लावायची. आणि सोडवलेल्या तारा एकत्र पेन्सिलीभोवती गुंडाळून ठेवायच्या. त्या भिंतीत आत घसरल्या तर त्यांना परत वर काढण्यात संध्याकाळ जाते.

आता 'सी' ची तार, कारण नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटचं घोडं इथेच पेंड खातं. जुन्या डबीला स्वतःसाठी वीज लागतच नव्हती, त्यामुळे बऱ्याच जुन्या घरांत ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी ही पाचवी तार जोडलेलीच नसते. वायफाय आणि उजळ पडदा असलेल्या नव्या यंत्राला मात्र सतत वीज हवी. काही यंत्रं इतर तारांतून थोडी थोडी वीज चोरून भागवतात. काही घरांत ते वर्षानुवर्षं ठीक चालतं, काही घरांत ऐन थंडीत बॅटरी उतरून पडदा काळा होतो. घाईने दुसरं यंत्र आणण्यापूर्वी भिंतीतली केबल थोडी बाहेर ओढून बघा. पुष्कळदा एक न वापरलेली तार मागे दुमडून ठेवलेली सापडते. तिचं वरचं टोक 'सी' ला आणि खालचं फर्नेसच्या बोर्डवरच्या 'सी' ला जोडलं की काम झालं. ती नसेल तर 'सी' तारेऐवजी वापरायचा कंपनीचा जोड मिळतो, नाहीतर साध्या बॅटरीवर चालणारा वेळापत्रकाचा थर्मोस्टॅट घ्यावा. तो घेण्यात काहीच कमीपणा नाही.

बसवणं पुढे सोपं आहे. पाणसळ लावून मागची पट्टी सरळ धरा, भोकं पाडा, गिट्ट्या ठोका, स्क्रू आवळा. पाऱ्याच्या डबीला पाणसळ अत्यावश्यक होती, कारण ती वाकडी बसली तर तापमानच चुकायचं. आता ती केवळ दिसण्यासाठी. त्याऐवजी ज्या भोकातून तारा येतात ते पुट्टीने बुजवा. भिंत आतून पोकळ असते, तिच्यातली गार हवा त्या भोकातून थेट सेन्सरवर येते आणि खोली ७० असताना थर्मोस्टॅटला ती ६६ वाटते. जागाही बघा. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, ऊन, स्वयंपाकघर आणि गरम हवेची जाळी यांपासून दूर. ज्याच्यावर दुपारचं ऊन येतं तो थर्मोस्टॅट घरभर थंडी असताना निवांत झोपतो.

चालू केल्यावर यंत्र काही प्रश्न विचारतं: गॅसचा फर्नेस की हीट पंप, एक टप्पा (एकाच जोराने चालणारा) की दोन. हे प्रश्न 'पुढे, पुढे' करत सोडू नयेत. हीट पंपात एकच यंत्र दिशा बदलून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार करतं, आणि ती दिशा बदलणारी झडप कोणत्या वेळी वीज मागते हे 'ओ' की 'बी' या निवडीवर ठरतं. निवड उलटी झाली तर हीटिंग लावल्यावर जाळीतून गार वारा येतो. शेवटी तापमान दोन-चार अंश वाढवून फर्नेस पेटतो का बघा. एसीची चाचणी मात्र हिवाळ्यात नको, बाहेर कडाका असताना कॉम्प्रेसर चालवणं त्याला मानवत नाही. बटण दाबल्यावर लगेच काही घडलं नाही तर घाबरू नका. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी बहुतेक थर्मोस्टॅट पाचेक मिनिटं मुद्दाम थांबतात.

इतकं केलं की माणसं हुश्श करतात आणि थांबतात. खरं काम इथून पुढे असतं.

वेळापत्रकाचे चार भाग असतात: उठणं, बाहेर जाणं, परतणं, झोपणं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की हिवाळ्यात जागेपणी घर ६८ ते ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २०-२१ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावं, आणि रोज आठ तास ते ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरवलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. यावर एक आक्षेप हमखास येतो: घर गार झाल्यावर ते परत तापवायला तेवढाच गॅस लागणार, मग वाचलं काय? उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ० अंश सेल्सियस आणि आत २० असेल तर जितकी उष्णता दर तासाला निसटते, तिच्या तीन चतुर्थांशच आत १५ असताना निसटते. घर जितके तास गार राहिलं तितके तास ती गळती कमी झाली. परत तापवताना जी उष्णता द्यावी लागते, ती घर थंड होताना न दिलेल्या उष्णतेइतकीच असते. गळतीतली बचत हा निव्वळ फायदा.

दुसरा गैरसमज जास्त चिवट. विलेट केम्प्टन या अभ्यासकाने मिशिगनमधल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८६ मध्ये लिहिलं की थर्मोस्टॅटबद्दल लोकांच्या डोक्यात दोन कल्पना असतात. काहींना तो स्विच वाटतो. काहींना तो गॅसच्या शेगडीच्या बटणासारखा वाटतो, जास्त फिरवला की ज्वाळा मोठी. दुसऱ्या कल्पनेचा माणूस गारठून घरी आला की ८५ लावतो. एका टप्प्याच्या फर्नेसला ७० आणि ८५ यांत काही फरक नाही. तो दोन्ही वेळा तितक्याच जोराने जळतो, फक्त ८५ लावल्यावर ७० ला थांबत नाही. पुण्या-मुंबईत उन्हातून येऊन साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी १६ अंश सेल्सियसवर लावणाऱ्यांचं हेच चुकतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार-मानांकनाचे खोलीचे एसी चालू करताना आपोआप २४ वर यावेत असा नियम आहे, तो याच सवयीवर उतारा म्हणून.

आईबाबा आलेले असताना 'बाहेर जाणं' हा भाग वेळापत्रकातून काढून टाका. घरात दिवसभर माणसं आहेत, तेव्हा दुपारी ६० ठेवणं ही बचत नव्हे, छळ आहे. दिवसभर ७१-७२ ठेवा आणि रात्री पांघरुणात असताना उतरवा. शनिवार-रविवार वेगळा लावा. सकाळी सहाला उठत असाल तर बरेच थर्मोस्टॅट घर तापायला लागणारा वेळ शिकून स्वतःच आधी सुरू होतात. तशी सोय नसेल तर पाच-सव्वापाचची वेळ द्या. सुट्टीत भारतात येताना मात्र ५५ च्या खाली जाऊ नका. भिंतीतले पाण्याचे नळ गोठून फुटले तर वाचलेल्या गॅसच्या कित्येक पट खर्च प्लंबरवर होईल. हीट पंप असेल तर रात्रीची उतरणही दोन-तीन अंशांचीच ठेवा, नाहीतर सकाळी मोठी चढण गाठण्यासाठी तो मदतीला विजेची कॉइल घेतो आणि सगळी बचत तिथेच जाते.

सगळ्यावर पाणी ओततं ते 'होल्ड' नावाचं बटण. ते दाबलं की वेळापत्रक बाजूला आणि एकच आकडा कायम. जरा थंडी वाजली, आकडा वाढवला, 'होल्ड' दाबलं आणि ते तसंच एप्रिलपर्यंत राहिलं, असं घराघरांत होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९५ मध्ये वेळापत्रकाच्या थर्मोस्टॅटना 'एनर्जी स्टार' मान्यता द्यायला सुरुवात केली आणि २००९ च्या अखेरीस ती काढून घेतली. यंत्रं ठीक होती, पण लोकांच्या घरांत बचत दिसत नव्हती. २०११ मध्ये आलेल्या नेस्टने सवयी स्वतः शिकण्याचा मार्ग काढला तो याच अडचणीतून. माझं मत विचाराल तर ज्यांचा दिनक्रम ठरलेला आहे आणि जे एकदा अर्धा तास बसून चार वेळा भरतील, त्यांना साधा वेळापत्रकाचा थर्मोस्टॅट पुरतो. शिफ्ट बदलणाऱ्यांनी किंवा आपण भरणार नाही हे माहीत असलेल्यांनी स्मार्ट घ्यावा.

एक विनंती. काढलेल्या जुन्या डबीत काचनळीत चकाकणारा थेंब दिसला तर तो पारा आहे. ती डबी कचऱ्यात टाकू नका. अनेक राज्यांत त्याला कायद्याने मनाई आहे. नळी न फोडता, अख्खी डबी पिशवीत घालून गावाच्या घातक कचरा केंद्रावर किंवा ती परत घेणाऱ्या दुकानात नेऊन द्या. पुढच्या आठवड्यात तळघरातच, फर्नेसशेजारच्या पाणी तापवण्याच्या टाकीकडे वळू.