झोप किती, आणि केव्हा?

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या घरांतील रात्रींचे रूप पालटते. दिवा उशिरापर्यंत जळत राहतो, आई मध्यरात्री चहा करून देते आणि पहाटे डोळे चोळीत उठणाऱ्या मुलाकडे घरची मंडळी कौतुकाने पाहतात. रविवारी तोच मुलगा दहा वाजेपर्यंत अंथरुणात असतो. आठवड्याची झोप भरून काढतो आहे बिचारा, असे म्हणून आपण त्याला उठवीतही नाही. तासांची बेरीज जमली म्हणजे झोप पुरी झाली, असा आपला हिशेब असतो. वाचकहो, हा हिशेब आज थोडा तपासून पाहू या.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ६१ विद्यार्थ्यांनी आपल्या झोपेची नोंद ३० दिवस ठेवली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काहींची निजण्या-उठण्याची वेळ जवळजवळ ठरलेली होती, तर काहींची रोज निराळी. दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या झोपेच्या सरासरी तासांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गुणांत मात्र आढळला; अनियमित झोपणारे मागे होते. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य त्यांच्या शरीरात अडीच तासांहूनही अधिक उशिराने पाझरू लागत होते. सकाळच्या वर्गात ते येऊन बसत तेव्हा त्यांच्या शरीराच्या लेखी रात्र पुरती सरलेली नसे. केवळ अनियमितपणानेच गुण घटले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु तासांची बेरीज पुरेशी नाही, इतके तरी उघड दिसते.

याचे कारण मेंदूतच आहे. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या किंचित वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके असतात. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. या घड्याळाच्या गतीला शास्त्रज्ञ ‘सर्केडियन’ म्हणतात. भाषांतराच्या धंद्यात असल्यामुळे या शब्दापाशी मी थोडा रेंगाळलो. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘सुमारे एक दिवस’ असा आहे, आणि त्यातील ‘सुमारे’ मोठ्या मोलाचे आहे. बहुतेक माणसांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मागे पडणारे असते. ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि हे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. रविवारी दहापर्यंत निजलेल्या मुलाचा तो उजेड चुकतो, रात्री वेळेवर डोळा लागत नाही आणि सोमवारची शाळा त्याला अर्धवट झोपेत गाठावी लागते.

हे घड्याळ हुकमाने बदलते का? नॅथनिएल क्लाइटमन या शिकागोच्या शास्त्रज्ञाने १९३८ साली आपल्या विद्यार्थ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस मुक्काम केला. सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नव्हता. दोघांनी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळण्याचे ठरविले होते. तरुण विद्यार्थ्याला ते साधले. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र चोवीस तासांच्या जुन्या तालावरच चढत-उतरत राहिले! माणसामाणसांत असा फरक असतो. धाकट्याला जमले म्हणून थोरल्याला जमेलच असे नव्हे.

स्मरणाचेही असेच. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचा भाग अधिक असतो, पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेचा. दिवसा वाचलेले पक्के करण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. दोनला निजून पाचला उठणारा मुलगा रात्रीचा एक मोठा तुकडाच कापून टाकतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील २०१९ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. परीक्षेच्या केवळ आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. त्यापूर्वीच्या आठवड्यांतील झोपेचा आढळला. तेव्हा आदल्या रात्री मुलाला दटावून लवकर निजविणाऱ्या पालकांचे श्रम बरेचसे उशिराचे म्हणायचे.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतभर प्रमाणवेळ एकच, सूर्य मात्र प्रत्येक गावाचा आपला. बडोदे आणि कोलकाता जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी बडोद्याला सूर्य सुमारे एक तास उशिराने मावळतो. आसामच्या चहाच्या मळ्यांनी याच कारणाने घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची ‘बागान टाइम’ची प्रथा पाडली. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या २०१९ साली गाजलेल्या अभ्यासात असे दिसले की सूर्यास्त तासभर लांबला की मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, कारण मुले निजतात उशिरा, पण शाळेची घंटा घड्याळाप्रमाणेच वाजते. शिक्षणातही ही मुले मागे पडतात, आणि गरीब घरांत झोपेचे हे नुकसान अधिक होते.

एका खोलीच्या बिऱ्हाडात मुलाची झोप त्याच्या हाती नसतेच. वडील बातम्या पाहतात, थोरली बहीण मोबाईल घेऊन बसते, स्वयंपाकघराचा कोपरा अकरापर्यंत जागा असतो. निजण्याची वेळ ठरवायची तर ती साऱ्या घराची ठरवावी लागते. त्यातही उठण्याची वेळ आधी पक्की करावी. रविवारी फार तर तासाभराची सवलत द्यावी. उठल्यावर मुलाला थोडा वेळ गच्चीत, ओसरीवर किंवा खिडकीशी उजेडात बसू द्यावे आणि निजण्यापूर्वीच्या तासात दिवे मंद ठेवावेत. मागे पडलेले घड्याळ एका रात्रीत जागेवर येत नाही. त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून ही सुरुवात परीक्षेच्या आठवड्यात न करता वेळापत्रक हाती पडेल त्याच दिवशी करावी.