पूर्वज शोधून देणाऱ्या वस्तू आणि संशोधकाचे तीन प्रश्न

गेल्या महिन्यात नगर आणि संगमनेरच्या काही वाचकांनी एकच प्रश्न विचारला: "लाळ पाठवली की पूर्वज कुठले ते सांगणारं डीएनए किट घ्यावं का?" सरळ हो किंवा नाही म्हणता आलं असतं. पण पीएचडीच्या मुलाखतीत जे विचारतात, ते सगळं या बाजारात शिकायला मिळतं. म्हणून तीन वस्तू घेऊ आणि प्रत्येकीला एकेक प्रश्न विचारू.

१. आडनावाचा मग: नेमकं काय मोजलंय?

ऑनलाइन आडनाव टाकलं की त्याचं 'घराण्याचं चिन्ह' छापलेला मग किंवा फ्रेम घरपोच येते. ही कल्पना युरोपातली. पण इंग्लंडमध्ये अशा चिन्हांची नोंद ठेवणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स (स्थापना १४८४), स्वतःच सांगते की चिन्ह आडनावाला मिळत नाही, ते विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं.

आपल्याकडे तर गंमत आणखी मोठी. नेवासकर, पारनेरकर, राहुरीकर ही आडनावं गावावरून पडली. गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणचे लोक जुन्या गावाने ओळखायला लागले. त्यामुळे दोन नेवासकर घराण्यांचं एकमेकांशी काहीच नातं नसू शकतं. कुलकर्णी, देशमुख, पाटील हे तर हुद्दे. म्हणजे आडनाव गाव किंवा काम सांगतं, रक्ताचं नातं सांगेलच असं नाही. जे मोजायचंय तेच आपण मोजतोय का, या प्रश्नाला संशोधनात 'वैधता' म्हणतात.

२. हलणारा फोटो: डेटा किती, भर किती?

मायहेरिटेज कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'डीप नॉस्टॅल्जिया' आणलं. पणजोबांचा जुना फोटो टाका, ते पापण्या मिटतात, मान वळवून हसतात. बघताना डोळ्यात पाणी येतं, खरंच. पण ती हालचाल पणजोबांची नाही. आधी चित्रित केलेल्या दुसऱ्या माणसांच्या हालचाली त्या चेहऱ्यावर बसवल्यात. डेटा एकच स्थिर फोटो, बाकी सगळी मॉडेलची भर. तुमच्या प्रबंधातल्या आलेखातही मोजलेले बिंदू कुठले आणि जोडलेली रेघ कुठली, हे वाचणाऱ्याला वेगळं दिसलं पाहिजे.

३. डीएनए किट: तुलना कशाशी, आणि पुन्हा तेच येईल का?

किटमध्ये साधारण सहा-सात लाख जागा वाचतात. आपल्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी जागा आहेत. वाचलेलं बहुतेक बरोबर असतं. अडचण पुढच्या पायरीवर आहे. 'तुम्ही इतके टक्के अमुक प्रदेशातले' हा आकडा तुमच्या डीएनएची तुलना कंपनीकडच्या संदर्भ नमुन्यांशी करून काढतात, आणि ते नमुने आज जिवंत असलेल्या लोकांचे असतात. त्यात तुमच्यासारखे लोक कमी असले, तर उत्तर ढोबळ येणारच. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ समूहांतल्या सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले. आपल्या देशातली विविधता पाहता ही सुरुवातच म्हणायची.

आता पुनरावृत्ती. २०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीच्या कार्यक्रमात दोन एकसारख्या जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांना नमुने पाठवले. दोघींचा डीएनए जवळजवळ तोच, तरी कंपन्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत. एका कंपनीने तर दोघींनाच वेगवेगळे टक्के दिले.

शिवाय गणित बघा. दहा पिढ्या मागे तुमचे १,०२४ पूर्वज असतात (काही नावं दोनदा येतील), पण त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचा डीएनए तुमच्यात उरतच नाही. तो उरला नाही म्हणून ते तुमचे पूर्वज नव्हते, असं कसं म्हणणार?

आणि संमतीचं काय? २०२३ मध्ये '२३अँडमी' कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. तुमच्या नमुन्यात भावा-बहिणीची, चुलत्यांचीही माहिती असते. त्यांना विचारलंत का?

मग माझं उत्तर

हौस म्हणून, घरच्यांशी बोलून घ्यायचं तर घ्या. पण पुरावा म्हणून नको. जातीच्या दाखल्यासाठीही त्याचा उपयोग नाही, तिथे कागदच लागतात.

आणि कागद आपल्या तालुक्यात असतात. फेरफार आणि वारस नोंदीत बाप-लेकाचं नातं लिहिलेलं सापडतं. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. शाळेचं जनरल रजिस्टर. शेजारच्या त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं. जुनं बरंचसं मोडीत आहे, पण मोडी शिकता येते.

एवढं करून बघा. कागदावर तीन रकाने आखा: पूर्वजाचं नाव, पुरावा, खात्री किती. आजी सांगते ती गोष्टही लिहा, पण पुराव्याच्या रकान्यात 'तोंडी' असं लिहा. तिसऱ्या-चौथ्या पिढीला पुराव्याचा रकाना रिकामा पडायला लागेल. तो रिकामाच ठेवा. तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.