सेवाही शिकावी लागते

आजारी माणसाचे करणे हे बायकांचे काम, त्यात शिकायचे ते काय, असे आमची तरुण मुले म्हणतात. त्यांना आम्ही भोपाळचे उदाहरण सांगतो.

पिकांवरील किडीसाठी वापरले जाणारे सेव्हिन भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात तयार होत असे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथून विषारी वायू सुटला. हजारो माणसे दगावली. वाचलेल्या कित्येकांना दम्याचे व डोळ्यांचे विकार कायमचे जडले. अशांना एकदा औषध देऊन भागत नाही. वर्षानुवर्षे सेवा लागते.

त्यांच्यापैकीच रशीदा बी व चंपादेवी शुक्ला यांना २००४ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट काढला. तेथे वायुपीडित घरांतील अपंग मुलांना व्यायामोपचार, बोलण्याचे व इतर खास शिक्षण विनामूल्य मिळू लागले. मुलाचा आखडलेला पाय नुसत्या मायेने मोकळा होत नाही. त्याला शिकलेला हात लागतो.

घरीही तसेच. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलावी; कंबर व टाचा लाल झाल्या आहेत का पाहावे. त्यांना उचलताना पोते उचलतो तसे गुडघ्यांत वाकावे, पाठीत नव्हे. हे मुलग्यांना सहज जमेल.

बारावीनंतर जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मुलग्यांनाही खुला आहे. आपल्या मुलाने तो निवडला तर आईबापांनी मान खाली घालू नये.