लांबलेले क्यूटी अंतर : १९५७ ते २००५

नॉर्वेतील आंटोन येर्वेल आणि फ्रेड लांगे-नील्सन यांनी १९५७ मध्ये एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्यातील सहा भावंडांपैकी चौघे जन्मतः मूकबधिर होती, त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे आणि त्यांपैकी तिघे लहानपणीच अचानक दगावली. त्यांच्या हृदयालेखात क्यूटी अंतर, म्हणजे जवनिका (हृदयाचे खालचे कप्पे) विद्युतदृष्ट्या उद्दीपित झाल्यापासून पूर्ववत होईपर्यंतचा अवधी, लांबलेले दिसले. पुढे १९६३ मध्ये रोमानो आणि १९६४ मध्ये वॉर्ड यांना हेच लक्षण ऐकू येणाऱ्या मुलांत आढळल्याने कोडे अधिकच गुंतागुंतीचे झाले.

हृदयाची लय आयनमार्गांवर, म्हणजे विशिष्ट विद्युतभारित कणांना पेशीच्या आत-बाहेर जाऊ देणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असते. १९७६ मध्ये नेहेर आणि साकमान यांनी अशा एकेका मार्गातला प्रवाह मोजला, तरी औषधोपचार बराच काळ ठोकताळ्यांवरच चालला. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे जादा ठोके दाबण्यासाठी सोडियम मार्ग रोखणारी औषधे दिल्यास मृत्यू उलट वाढतात, हे १९८९ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले, आणि हृदयालेख सुधारला की रुग्ण सुधारला हा समज त्याबरोबर कोसळला.

निर्णायक वळण आले ते १९९५-९६ मध्ये. यूटा येथील मार्क कीटिंग यांच्या गटाने लांब क्यूटीची तीन जनुके ओळखली. त्यांपैकी दोन पोटॅशियम मार्गांची आणि एक सोडियम मार्गाचे. पोटॅशियम बाहेर पडण्यास विलंब झाला किंवा सोडियम आत झिरपत राहिला, तरी परिणाम एकच, की पेशी वेळेवर पूर्ववत होत नाही आणि घातक अतिजलद ठोक्यांना वाव मिळतो. यांतील केसीएनक्यू-१ हे जनुक अंतःकर्णातील द्रवात पोटॅशियम पोहोचवण्याचेही काम करते. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या की हृदयाबरोबर श्रवणही बिघडते, आणि नॉर्वेतील भावंडांच्या बहिरेपणाचा उलगडा असा चाळीस वर्षांनी झाला.

दुसरा पोटॅशियम मार्ग, एचईआरजी, औषधनिर्मात्यांना अधिक महागात पडला, कारण त्याच्या पोकळीत नाना प्रकारचे रेणू अडकतात. अ‍ॅलर्जीवरचे टर्फेनाडीन एरवी यकृतात झटपट बदलून जाई, पण एरिथ्रोमायसिनसारख्या औषधाने ती क्रिया रोखली की ते साठून हा मार्ग बंद करी. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि त्याचेच यकृतजन्य रूप, हा मार्ग न अडवणारे फेक्सोफेनाडीन, त्याच्या जागी आले. नव्या औषधाचा एचईआरजीवरील परिणाम तपासण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये ठरली.