दप्तराविना दहा दिवस

शालेय सहल म्हणजे गाणी व डबे, ही समजूत आता सोडली पाहिजे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकवावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सुचविले. हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत १९३७ सालीच मांडला होता. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९२४ साली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आहे. मुलांनी तिचा घेर मोजावा, पाण्याचा हिशेब करावा; इतिहास व भूमिती एकत्र भेटतील.

निपाणीचा धडा अधिक कठीण आहे. तंबाखूच्या रास्त भावासाठी १९८१ साली येथे आंदोलन झाले; एप्रिलमधील गोळीबारात शेतकरी बळी पडले. शेतकऱ्याचा भाव आणि विडी वळणाऱ्या आईची मजुरी यांचे गणित मुलांनी अवश्य मांडावे. मात्र तंबाखूला त्यांचा हात लागता कामा नये. अनुभवाच्या नावाखाली बालमजुरी आम्हांस मान्य नाही. आधी प्रश्न, मग निरीक्षण, शेवटी मराठी व कन्नड मुलांची एकत्र चर्चा, अशी आखणी शिक्षकांनी करावी. आईच्या कष्टाचे मोल ज्याला मांडता आले, त्याचे गणित पक्के झाले, असे आम्ही समजू.