आई फडात, लेकरू कोणाजवळ?



बीडकडची असो की आपल्याच भूम-कळंबची, कोयत्याची जोडी पहाटेच फडात उतरते. मग तान्हं कोण सांभाळणार? बहुतेकदा थोरली बहीण. लेकरू राखलं जातं, पण तिची शाळा बुडते.

अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतून ६ वर्षांखालील मुलांना पूरक आहार मिळतो. ३ ते ६ वर्षांची मुलं तिथं बसतात, शिकतात. पण ती भरते काही तासच. तान्ह्याची दिवसभराची सोय तिथं होत नाही.

म्हणून कोप्यांवर एक जाणती बाई हवीच. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, कामावर ५ किंवा अधिक लहान मुलं असल्यास त्यांच्यासाठी एक बाई नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद केली होती. तीच रीत आपल्या फडावर का नसावी?

तान्ह्याला मावशी, तिसऱ्या वर्षापासून अंगणवाडी अन् थोरलीला शाळा, असा मेळ बसवावा. तिच्या रोजाचा विषय वार्षिक सभेत मांडा, मुकादमाशी उचलीच्या वेळीच बोला. ऊस आपला, मग त्यापायी आलेलं लेकरू परकं कसं?