माठाचा प्रकल्प

शाळेत विज्ञान प्रदर्शनाची नोटीस लागली की त्या रात्री घरोघर फोनवर एकच शोध सुरू होतो: आठवीसाठी सोपा प्रोजेक्ट. समोर येतं तेही ठरलेलं. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, सिरिंजांवर चालणारा जेसीबी, थर्मोकोलवर उभी केलेली पवनचक्की. करायला मजा येते, दिसतंही छान. पण त्यात शोधायचं काही शिल्लक नसतं. परीक्षकांनी ‘यातून तुला काय कळलं?’ असं विचारलं की मूल पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतं आणि मग गप्प होतं.

ऑनलाइन मिळणारी मदत या कामात फार मोलाची आहे, पण प्रश्न आपला ठरल्यावर. तोवर फोन बाजूला ठेवावा आणि घरात हिंडून यावं. स्वयंपाकघरात माठ आहे ना, तोच घेऊ.

‘माठातलं पाणी गार का होतं?’ हा प्रश्न प्रकल्पाच्या कामाचा नाही. त्याचं उत्तर पुस्तकात आहे: भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. ‘का’च्या जागी ‘किती’ घातलं की काम सुरू होतं. पंखा एकवर, तीनवर आणि पाचवर ठेवला तर पाणी किती अंश गार होईल? ओलं फडकं गुंडाळल्याने खरंच फरक पडतो का? पावसाळ्यात माठाचा गारवा किती कमी होतो? यातला एकच प्रश्न घ्यावा. आपण पंख्याचा घेऊ.

आता फोन उघडायला हरकत नाही. नुसतं ‘माठ’ शोधलं तर माठातलं पाणी पिण्याचे फायदे सांगणारी पानंच पानं निघतील, म्हणून शब्द बदलावे लागतात. ‘बाष्पीभवन’, ‘अप्रकट उष्णता’, ‘सापेक्ष आर्द्रता’ असे शब्द शोधले तर मराठी विश्वकोशातली माहिती मोफत वाचता येते, तीही नीट मराठीत. इंग्रजीत ‘इव्हॅपोरेटिव्ह कूलिंग’ असं शोधलं तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा भेटतील. त्यांनी एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि भाज्या टिकवण्याची सोय केली. गुजरातेतल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांचा मातीचा फ्रीजही सापडेल. त्यांची नक्कल करायची नाही. आधी कोणी काय केलंय ते कळलं की आपण नवं काय मोजतोय ते सांगता येतं.

अमेरिकेत २००१ साली सुरू झालेलं ‘सायन्स बडीज’ हे संकेतस्थळ प्रकल्पांसाठी जगभर वापरलं जातं. तिथे आवडीनिवडी विचारून विषय सुचवण्याचीही सोय आहे. पण प्रत्येक पायरी तिथे इतकी तयार मिळते की ती तशीच करत गेलं की मुलाचं डोकं रिकामंच राहतं. मला तिथला उपयोगी भाग वाटतो तो प्रयोगाच्या शेवटी दिलेल्या बदलांचा, म्हणजे हाच प्रयोग वेगळ्या तऱ्हेने कसा करता येईल त्याचा. साहित्याच्या बाबतीत मात्र अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ आपल्या घराच्या जास्त जवळचं. पुण्यातल्या ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकंही फुकट उतरवून घेता येतात.

मांडणीत घाई करू नये, प्रकल्प इथेच उभा राहतो नाहीतर पडतो. मोठा माठ नको. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा थोड्याच किलोंपर्यंत तोलतो, म्हणून दोन लिटरचं छोटं मडकं बरं. एकसारखी दोन मडकी आणि तेवढंच पाणी मावणारं एक स्टीलचं पातेलं घ्यावं. नवी मडकी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावीत, नाहीतर पहिले काही तास मातीच पाणी पीत बसते. एका मडक्याला बाहेरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा. हे गुंडाळलेलं मडकं सगळ्यात महत्त्वाचं. माती तीच, आकार तोच, पाणी तेवढंच. फक्त वाफ व्हायला वाट नाही. ते गार झालं नाही आणि उघडं झालं, तर गारव्याचं श्रेय वाफेला देता येतं. हे नसेल तर ‘मातीच थंड असते’ म्हणणाऱ्या परीक्षकांना दाखवायला हातात काही राहत नाही.

तिन्ही भांड्यांवर झाकणं, तिन्ही सावलीत, पंख्यापासून सारख्या अंतरावर. दर अर्ध्या तासाने तापमान आणि वजन नोंदवायचं, असे चार तास. पंख्याच्या प्रत्येक वेगाला प्रयोग निदान तीनदा करायचा, कारण एका दिवसाचा आकडा हा योगायोगही असू शकतो.

तापमान मोजायला काचेची किंवा डिजिटल तापमापीच हवी. फोनमध्ये ‘थर्मामीटर’ नावाची ॲप मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो; ही ॲप इंटरनेटवरून गावाचं तापमान आणून दाखवतात किंवा बॅटरीचं. फोन दुसऱ्या गोष्टी मात्र उत्तम मोजतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधले सेन्सर वापरून लिफ्टचं त्वरण, झोक्याचा आवर्तकाल, चुंबकीय क्षेत्र मोजू देतं. गणेशोत्सवातल्या आवाजाचा प्रकल्प करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की फोनने दाखवलेले डेसिबल प्रमाणित नसतात. एकाच फोनने दोन चौकांची तुलना करता येईल, पण निवासी भागातली दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा ओलांडली की नाही, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माठाकडे परत. समजा चार तासांत उघड्या मडक्याचं वजन ४० ग्रॅमने घटलं. म्हणजे तेवढं पाणी उडून गेलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते, असं शोधलं की बहुतेक ठिकाणी ५४० कॅलरी हा आकडा मिळतो आणि पोरं तो उचलतात. पण तो १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा आहे. आपलं मडकं उकळत नाहीये. ३० अंशांच्या आसपास तोच आकडा साधारण ५८० होतो. ऑनलाइन मिळालेला कुठलाही आकडा वहीत उतरवताना तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे शेजारी लिहायची सवय लावली, तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

४० गुणिले ५८० म्हणजे २३,२०० कॅलरी. दोन लिटर, म्हणजे २,००० ग्रॅम पाण्यातून एवढी उष्णता गेली तर ते ११.६ अंशांनी गार व्हायला हवं. तापमापी मात्र पाच-सहा अंशांचाच फरक दाखवेल. इथे मुलं घाबरतात आणि काही पालक आकडे ‘जुळवून’ देतात. ते कृपया करू नये, कारण प्रकल्पातली खरी गंमत याच फरकात आहे. उरलेली उष्णता कुठे गेली? थोडी मडक्याच्या मातीला गार करण्यात गेली. बाकीचा हिशेब असा की पाणी गार होऊ लागलं तशी बाहेरच्या गरम हवेतली उष्णता आत शिरत राहिली. पंखा वाढवला की वाफ जास्त होते, पण गरम हवाही भिंतीवर जास्त आदळते. म्हणून पंखा पाचवर नेऊनही गारवा त्याच प्रमाणात वाढेलच असं नाही. हे आलेखात दिसलं तर प्रकल्पाला निष्कर्ष मिळाला.

गारव्याला एक तळही आहे. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं की ती जिथे थांबते, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे खानदेशातली उन्हाळी दुपार, तर हा तळ सुमारे २३ अंशांवर येतो. कोकण किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तो २९च्या आसपास अडकतो. जळगावचा माठ आणि रत्नागिरीचा माठ यांतला फरक असा आकड्यांत पकडता येतो. हे गणित करून देणारे कॅल्क्युलेटर ऑनलाइन आहेत, आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर शहरांची सकाळी साडेआठची व संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता मिळते. वेधशाळा घरापासून लांब असते, म्हणून ओल्या फडक्याची तापमापी घरीही लावावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

कोलोराडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशनं मराठीतही आहेत आणि कल्पना समजून घ्यायला फार चांगली आहेत. पण ती पुरावा म्हणून लावू नयेत. त्यांत नियम आधीच घातलेला असतो, तोच बाहेर येतो. चॅटबॉटचंही तसंच. अहवाल लिहून मागितला तर तो गुळगुळीत अहवाल देईल आणि परीक्षक दुसऱ्या वाक्यालाच ओळखतील. त्याला परीक्षक करावं: ‘माझा प्रयोग असा आहे, मला अवघड प्रश्न विचार, उत्तरं सांगू नकोस.’ झाकणाच्या फटीतून किती वाफ गेली असेल, हा प्रश्न तिथे निघाला तर प्रदर्शनाआधी निघालेला बरा.

नोंदवही हाताने लिहिलेली असावी, तारखांसह, खाडाखोडीसह. आलेख गुगल शीट्समध्ये काढावा, पण तीन प्रयोगांची नुसती सरासरी न दाखवता तिन्ही बिंदू दाखवावेत. हाच प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर वाटा दोन. १९९३पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नावर मोजमाप करून केलेल्या कामाला महत्त्व असतं, तिथे हा प्रकल्प जसाच्या तसा बसतो. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवड झालेल्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात, पण तिथे नवी वस्तू किंवा उपाय सुचवावा लागतो; त्यासाठी माठाच्या अभ्यासातून एखादी सुधारणा काढावी लागेल, उदाहरणार्थ दमट गावात भाजी टिकवण्याची.

तक्त्यावर खाली एका कोपऱ्यात माहिती कुठून घेतली त्या संकेतस्थळांची नावं आणि पाहिल्याची तारीख लिहावी. व्हिडिओ, आलेख, हवामान खात्याचे आकडे आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून किंवा छापून घ्यावेत. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शंभर पालक एकाच वेळी फोन काढतात आणि रेंज जाते.